उ: स्टार्टर मोटरचा रिकॉल

बीएमडब्ल्यू गाडी नीट सुरू होते, मग रिकॉलची, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलंय त्याची, घाई कशाला, असं विचारलंय. घाई आहेच! अमेरिकेत सप्टेंबर 2025 मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे 1 लाख 96 हजार गाड्या परत बोलावल्या. कारण असं की स्टार्टरमध्ये (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरमध्ये) पाणी शिरून गंज धरतो आणि शॉर्ट सर्किट होऊ शकतं. बॅटरीची जाड केबल थेट स्टार्टरच्या सोलेनॉइडवर (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचवर) येते, चावी काढली तरी तिथे करंट असतोच. म्हणून बंद उभी गाडीही पेटू शकते. स्टार्टर बदलून होईपर्यंत गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये कृपया लावू नका, बाहेर मोकळ्यावर लावा. 17 अक्षरी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं. डीलर स्टार्टर फुकट बदलून देतो.