रेव्ह. टिळक कवी म्हणून माहीत आहेत, पण पाळक म्हणून कसे होते?

रूथ_पिंपरी

मंडळी, सलाम. आमच्या तरुण संघात पुढच्या महिन्यात मला रेव्ह. नारायण वामन टिळकांवर वीस मिनिटं बोलायचंय. शाळेत ‘फुलामुलांचे कवी’ एवढंच शिकवलं. चर्चमध्ये त्यांची गाणी नेहमी म्हणतो, पण माणसाबद्दल विचारलं की आमचे वडीलधारेसुद्धा ‘फार मोठे होते’ म्हणतात आणि थांबतात. त्यात ऑफिसातला एक जण परवा जेवताना म्हणाला, “मिशनच्या पगारासाठी बाटले असतील.” मला पटकन काही बोलता आलं नाही, दिवसभर चरफडत बसले. तेव्हा कविता जरा बाजूला ठेवून सांगा, पाळक आणि शास्त्र शिकवणारा माणूस म्हणून ते कसे होते? कशावर ठाम होते? नुसती जंत्री नको, ती नेटवर मिळते.

नगरी_मास्तर

रूथताई, सलाम. त्या गृहस्थांना एवढंच सांगा की पगारासाठी आलेला माणूस पगार सोडून जात नसतो. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न, नाव झालेलं, मिशनचं पत्र ‘ज्ञानोदय’, त्याच्या मराठी भागाचं संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे, कोणी ‘जा’ म्हटलेलं नाही. अशा वेळी सोडला. का सोडला ते नीट सांगितलंत तर तुमचं निम्मं भाषण तिथेच झालं.

थोडं मागून सांगतो. चित्पावन घरातला माणूस, रत्नागिरीकडच्या करजगावचा. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, नागपुरात बुटी या धनिकांच्या आश्रयाने ‘ऋषि’ मासिक चालवलं. पोटासाठी धर्म बदलायची गरज नव्हती, होत्या त्या धर्मात विद्वत्तेवर पोट भरत होतं. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणं निघालं आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळकांना पुस्तक पहिल्यांदा काही आवडलं नव्हतं, पण वाचीन असा शब्द दिलेला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाला पोचले आणि डोंगरावरील प्रवचनाने धरून ठेवलं ते कायमचं. वेदान्ताने न सुटलेले आपले प्रश्न त्या तीन अध्यायांत सुटले, असं ते पुढे सांगत.

तरी बाप्तिस्म्याला दोन वर्षं लागली. १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. आणि बाप्तिस्मा घेतला तो साहेबाच्या हातून नाही, रेव्ह. तुकाराम नथोजी या आपल्या पाळकांच्या हातून. हे लोक सांगत नाहीत, तुम्ही आवर्जून सांगा, कारण पुढचा सगळा माणूस त्यात दिसतो. ख्रिस्त हवा, पण तो गोऱ्याच्या उपकारातून आलेला नको.

नगरला (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही) येऊन ते सेमिनरीत उपदेशक घडवू लागले आणि १९०४ साली पाळकपणाची दीक्षा झाली. म्हणणं मात्र पहिल्यापासून तेच. मिशनरी मायबाप आणि हिंदी ख्रिस्ती हात पसरून उभा, असं नातं असलं की मंडळी (म्हणजे इथलं चर्च) कधी स्वतःच्या पायावर उभी राहायची नाही. मिशनमध्ये राहून, मिशनच्याच पत्रात, मिशनऱ्यांना सुनावायला त्यांनी कमी केलं नाही. तुम्ही गुलामांचं राज्य उभारलंय, त्याला देवाचं राज्य म्हणू नका, इतक्या थरापर्यंत. दुसरीकडे आपल्या लोकांनाही सांगत की ख्रिस्ती झालात म्हणून देश सुटला नाही, तुकोबा तर नाहीच नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो हे ते उघडपणे म्हणत.

आता कविता बाजूला ठेवायचं. ताई, ते जमणार नाही. माझे आजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यात पाळक होते. रात्रीची उपासना कंदिलावर चाले, रानातून माणसं परतायची तेव्हा सुरू. समोर बसलेल्यांत अक्षरओळख असलेला एखाददुसरा. आजोबा शास्त्र उघडून मांडीवर ठेवत, पण वाचत नसत. आधी झांज घेऊन टिळकांचा अभंग, सगळ्यांनी दोनदा म्हणायचा. मग एकेका चरणावर बोट ठेवल्यासारखं थांबून, “हे प्रभू कुणाला बोलला? कुठं बोलला?” असं विचारत, आणि कोणाला आलं नाही तरच पुस्तकात बघत. शेवटी ‘दास म्हणे’ आलं की मागच्या बायका सावरून बसत, कारण त्यानंतर हमखास त्यांच्यावर प्रश्न यायचा. निरक्षर माणसाला अख्खं शुभवर्तमान तोंडपाठ करून देणारा शिक्षक म्हणजे टिळक. व्यासपीठावरचे उपदेश कागदावर किती उरले हा वेगळा विषय आहे, मंडळीत उरलं ते हे.

पगार सोडल्यावर ते संन्यासी वृत्तीने साताऱ्याला जाऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्ताचे शिष्य एका पंगतीला. १९१७ सालची ही गोष्ट. आज आपल्या कुठल्याही कमिटीपुढे हा ठराव मांडून बघा, चहा यायच्या आत नामंजूर होईल.

पेटीवाला

मास्तरांच्या वरच्या मजकुरात नाही, पण लोक सर्रास म्हणतात म्हणून लिहितो. ख्रिस्ती कीर्तन टिळकांनी सुरू केलं असं भाषणात सांगू नका. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ते टिळकांच्या कितीतरी आधी, १८६० नंतरच्या दशकात सुरू केलं. टिळक आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. त्यांनी काय केलं, तर त्याआधी इंग्रजी चालीवर शब्द कोंबलेली भाषांतरं म्हणावी लागत, जोडाक्षरावर श्वास संपायचा, तिथे ओवी-अभंग आणले. मी उपासनेत पेटी धरतो, फरक बोटांना कळतो.

माजघरातून

मास्तर, सुरेख लिहिलंत, पण तुमच्या अख्ख्या मजकुरात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाहीत!

बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना विचारलं कुणी? मुलगा दत्तू लहान. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांकडे राहायचं, लोकांची बोलणी खायची, अशी काही वर्षं त्यांनी काढली. मग त्या नगरला नवऱ्याकडे आल्या त्याही सोवळं सांभाळत. आपण होऊन विचार बदलला, जातिभेद मनातून गेला, तेव्हा १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत नाही. ही विश्वासाची गोष्ट मला टिळकांच्यापेक्षा जड वाटते. त्यांना आगगाडीत पुस्तक मिळालं, हिला रोजच्या पाण्याच्या घागरीशी भांडून मिळालं.

आणि पगार सोडायचं कौतुक करताना चूल कोणाची होती तेही बोला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, भेटेल त्याला देत आणि भेटेल त्याला जेवायला घरी आणत. दुष्काळातली पोरकी मुलं घरात. बालकवी ठोंबरे काही काळ यांच्याच घरी राहिले, तेही बाईंच्या पंक्तीला. संन्यास एकट्याचा कधी नसतो हो.

‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताचं काव्यचरित्र टिळकांचं म्हणून सांगतात. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय त्यांचे. ते गेल्यावर पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, ज्यांना लग्न झालं तेव्हा धड वाचता येत नव्हतं. शास्त्र शिकवणारा माणूस शोधतेस ना रूथ, तर ही पण धर. त्या ख्रिस्तावर कीर्तनंही करत. वीस मिनिटांतली सात तरी त्यांना दे.

नगरी_मास्तर

बाई, मान्य. सात नाही, दहा द्या म्हणतो मी. पण एका ठिकाणी तुमच्याशी जमत नाही. टिळकांनी घरावर संकट आणलं म्हणून त्यांचा निर्णय हलका होत नाही. मिशनच्या बंगल्यात राहून ‘मिशनच्या पैशावर जगू नका’ असं सांगणारे तेव्हाही खूप होते. यांनी बोललं तसं केलं, आणि त्याचा भार बाईंवर पडला, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला काय हरकत आहे? तरुण पोरांना तेच ऐकू द्या. आमच्या आजोबांच्या घरीही पगार वेळेवर नसे आणि आजी त्यांच्या उपदेशाला कधीच ‘आमेन’ म्हणत नसे.

दरबार टिकला नाही, हेही लपवू नका. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले, पुरती दोन वर्षंही हाताशी मिळाली नाहीत. पण कल्पना वाया गेली म्हणता येत नाही. ज्या विन्स्लो या इंग्रज मिशनरी साहेबांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, त्यांनीच १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला, तो पुढे पुण्यात स्थिरावला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले वेरियर एल्विन १९२७ ला भारतात आले ते याच संघात. पुण्याच्या पोरांना हे आपल्या गावचं म्हणून भावेल.

रूथ_पिंपरी

सगळ्यांचे आभार, कागद अर्धा भरला. एकच अडचण आहे. दरबाराचा भाग, बाप्तिस्मा न घेतलेले शिष्य वगैरे, बोलू का? पाळकसाहेब पहिल्याच बाकावर असतात, आणि ते या बाबतीत कडक आहेत.

नगरी_मास्तर

बोला. आदल्या रविवारी त्यांना घरी जाऊन सांगून ठेवा, म्हणजे व्यासपीठावर धक्का बसायचा नाही. वाद घातलाच तर म्हणा, टिळकसुद्धा दीक्षा झालेले पाळकच होते. मग ते स्वतःच दहा मिनिटं बोलतील आणि तुमचा वेळ वाचेल.

पेटीवाला

आणि अभंग म्हणणार असाल तर पेटीवाल्याला खालची पट्टी धरायला सांगा. तरुण संघ जोशात वरून उचलतो आणि दुसऱ्या चरणाला फक्त मुली गात असतात.