नागपूरचे मेट्रोचे डबे पुण्यात चालले, मग मुंबईत का चालू नयेत?

वनाझवाला:
परवा पुण्यात वनाझहून मेट्रोने येताना गाडी इतकी भरली की सिव्हिल कोर्टला दारापर्यंत पोचताच आलं नाही, पुढच्या स्टेशनवरून उलटं यावं लागलं. तीन डब्यांची गाडी, ती पुरणार किती? तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यात घोळतेय. २०१९ च्या शेवटी पुणे मेट्रोच्या चाचणीसाठी पहिले डबे आले ते नागपूरहून. ट्रेलरवर लादून, रस्त्याने. पुण्याचे स्वतःचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे नंतर आले. म्हणजे एका शहराचे डबे दुसऱ्या शहरात चालतात, हे आपण करून दाखवलेलं आहे.

गणपतीत कोकणासाठी राज्यभरातल्या आगारांतून एसटी मुंबईला येते. कुठल्या आगाराची गाडी आहे हे कोणी विचारत नाही. मेट्रोचंही तसंच व्हावं. नागपूर, पुणे, मुंबई, सगळीकडे एकच माप ठेवा आणि जिथे गर्दी तिथे गाड्या पाठवा. पैसा शेवटी आपलाच आहे.

डेपोतला:
असहमत. मी एका मेट्रोच्या डेपोत सहा वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूर आणि पुणे जमलं, कारण दोन्हीकडे मालक एकच, महामेट्रो ही सरकारी कंपनी. रूळ १४३५ मिमी, वीज वरच्या तारेतून २५,००० व्होल्ट एसी, डब्याची रुंदी २.९ मीटर. एवढं सगळं जुळल्यावर गाडी चालणारच. पण तुमच्याच पुण्यात हिंजवडी–शिवाजीनगर ही तिसरी लाइन बघा. रूळ तेच, १४३५. वीज मात्र ७५० व्होल्ट डीसी, तीही रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून. सिव्हिल कोर्टला उतरून तुम्ही एका लाइनवरून दुसरीकडे चालत जाल. गाडी जाऊ शकणार नाही. तिच्या छतावर वरच्या तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ आहे, तिकडे वर तारच नाही.

मुंबईच्या मेट्रो २ए, ७ आणि ३ या लाइनवर डबे ३.२ मीटर रुंद. तिथे नागपूरची गाडी उभी केली तर दोन्ही बाजू मिळून ३० सेंटिमीटर कमी पडतात. त्यात ३ वर प्लॅटफॉर्मला छतापर्यंत काचेची दारं आहेत. गाडीची दारं त्यांच्यासमोर तंतोतंत आली नाहीत तर माणूस काचेपुढे उभा राहील.

आणि डबा सुटा कधीच जात नाही. कपलर (डबे एकमेकांना जोडणारा भाग), ब्रेक, आतलं सॉफ्टवेअर कंपनीगणिक वेगळं असतं. पाठवायची तर अख्खी गाडी पाठवावी लागते, वर तिच्यातली सिग्नलची यंत्रणा बदलावी लागते.

वनाझवाला:
तुमचा अनुभव मानतो. तरी जगात हे झालेलं आहे. टोकियोच्या मारुनोउची लाइनचे शंभराहून जास्त लाल डबे नव्वदच्या दशकात ब्युनोस आयर्सच्या बी लाइनने घेतले आणि वर्षानुवर्षं चालवले. रूळ १४३५, वीज दोन्हीकडे तिसऱ्या रुळातून. डबे अरुंद पडत होते, म्हणून दारांखाली बाहेर आलेल्या पायऱ्या बसवल्या. पुढे २०१६ मध्ये त्यातले चार डबे टोकियोने परत नेले, जतन करायला. म्हणजे रुंदीवर उपाय निघतो.

डेपोतला:
त्याच बी लाइनची पुढची गोष्टही सांगा ना. नंतर त्यांनी माद्रिदचे वापरलेले डबे आणले. माद्रिदच्या रुळाचं माप १४४५ मिमी आणि वीज वरून. म्हणून तिसरा रूळ असलेल्या लाइनवर वरची वीजवाहिनीही बसवावी लागली. शिवाय जुन्या माद्रिद डब्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस हा फुप्फुसांना घातक पदार्थ निघाला, म्हणून ते डबे काढून टाकावे लागले. स्वस्त म्हणून घेतलेल्या गाडीमागे लाइनच बदलत बसायचं?

क्वीन्सहून_मेधा:
मी न्यूयॉर्कला राहते. इथे रूळ एकच, तिसरा रूळही सगळीकडे, तरी अदलाबदल होत नाही. आकड्यांच्या लाइनचे डबे साधारण २.६७ मीटर रुंद, अक्षरांच्या लाइनचे ३.०५. जुन्या वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधलेलं जाळं १९४० मध्ये शहराने एका छताखाली आणलं, पण बोगदे कोण रुंद करणार? रुंद डबा अरुंद बोगद्यात जातच नाही. सुरुवातीला घेतलेला निर्णय अजून भोगतोय आम्ही. म्हणून वनाझवाल्यांचा आग्रह मला पटतो, पण तो नव्या लाइनसाठी. बांधलेल्या लाइनला आता हात लावता येणार नाही.

सुनीता_ठाणे:
रुंदीवर पायरीचा उपाय इतक्या सहज लिहिलात म्हणून राहवलं नाही. माझी आई ७८ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. मागच्या वर्षी एका स्टेशनवर वॉकरचं पुढचं चाक गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या फटीत गेलं. चार बोटांची फट असेल, जास्त नाही. आई पुढे झुकली, मागच्या मुलाने तिचा दंड धरला म्हणून वाचली. त्यानंतर ती मेट्रोत चढायलाच तयार नाही. म्हणते, रिक्षाने ने. ज्या लाइनवर प्लॅटफॉर्म आणि गाडी नीट जुळलेली आहे, तिथे दुसऱ्या शहराची अरुंद गाडी आणून फट वाढवायला माझा ठाम विरोध आहे. मी दहा मिनिटं जास्त थांबेन.

वनाझवाला:
सुनीताताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुंबईचा मुद्दा मी मागे घेतो.

पुणे–नागपूरचा मात्र सोडत नाही. रुंदी एक, वीज एक, मालक एक. मग पुढच्या खरेदीत दोन्ही शहरांसाठी एकच गाडी, एकच कपलर, एकच सिग्नल अशी अट का नसावी? डेपोतले, यात तांत्रिक अडचण आहे का?

डेपोतला:
नव्या गाड्यांना नाही. मात्र सिग्नलची यंत्रणा ज्या कंपनीची, तिच्यावाचून पान हलत नाही आणि ती दुसऱ्याशी जुळवून घ्यायला तयार नसते. ही अट निविदेत पहिल्या दिवशी लिहावी लागेल. नंतर कोणी ऐकत नाही.