युटात मॉर्मन घरी भाड्याची खोली, घरात बंदुका. त्यांच्या चर्चचं यावर काय म्हणणं असते?

पांढरंसोनं_दारव्हा
नमस्कार मंडळी. भाचा बी.एस्सी. अ‍ॅग्री करून एम.एस.साठी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या लोगनला जाऊन राहिला. खोली एका मॉर्मन (तिकडचा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाच्या घरी भेटली. माणसं सरळ, दारू सोडा, चहा-कॉफीही घेत नाहीत. पण त्यांनी आधीच कळवलं की घरात चार-पाच बंदुका आहेत, तिजोरीत असतात. तेव्हापासून ताईची झोप उडाली. आपल्याकडं डुकरांपायी एका भरमार बंदुकीचा परवाना काढतो म्हटलं तर कलेक्टर हापिसात चपला झिजतात, अन् तिथं देवभोळ्या माणसाच्या घरात चार-चार! यांच्या धर्मात बंदूक ठेवा असं सांगितलं आहे काय? रविवारी चर्चमध्ये घेऊन बसतात काय? अन् पोरानं काय सांभाळावं?

ग्रंथालय_वणी
बंदूक ठेवा अशी आज्ञा नाही, ठेवू नका अशीही नाही. बंदूक कायद्याच्या वादात चर्च बाजू घेत नाही. घरोघरी साठा ठेवा ही त्यांची शिकवण प्रसिद्ध आहे, पण त्या यादीत धान्य, पाणी आणि गाठीला पैसा असतो, शस्त्र नसतं.

स्वतःच्या आवारात मात्र चर्च कडक आहे. आधी नियमपुस्तिकेत प्राणघातक शस्त्र आत आणणं ‘अनुचित’ एवढंच होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सरळ ‘मनाई’ झालं. सेवेतले पोलीस तेवढे अपवाद. निमित्त टेक्सासचं होतं: प्रार्थनास्थळानं स्पष्ट मनाई केली नाही तर परवानाधारकाला आत शस्त्र नेता येईल, असा कायदा तिथं १ सप्टेंबर २०१९ पासून लागू होणार होता. युटातही प्रार्थनास्थळाला बंदी घालायची तर ती कळवावी लागते. समोरासमोर सांगून, पाटी लावून, सभेत जाहीर करून, किंवा राज्याच्या गुन्हे-नोंद विभागाच्या वेबसाइटवर नाव टाकून. चर्चनं हा शेवटचा मार्ग धरला. म्हणून दारावर पाटी दिसली नाही तरी बंदी आहेच.

मग घरात एवढ्या बंदुका काऊन? याचं उत्तर धर्मग्रंथापेक्षा इतिहासात जास्त सापडतं. २७ ऑक्टोबर १८३८ ला मिसुरीचे राज्यपाल लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिल वस्तीत जमावानं १७ जण मारले. फार वेस्ट या त्यांच्या गावाला शरणागती झाली, शस्त्रं जमा करून घेतली आणि सगळ्यांना भर थंडीत हद्दपार केलं. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ उजाडलं. १८४४ मध्ये संस्थापक जोसेफ स्मिथ यांना कार्थेजच्या तुरुंगात जमावानं ठार केलं. त्यांच्याजवळ चोरून आणून दिलेलं पिस्तूल होतं आणि त्यांनी ते झाडलंही. ‘सरकार आधी शस्त्र काढून घेतं, मग घर’ ही धास्ती तिथून आली.

पण हीच गोष्ट उलट बाजूनंही सांगता येते, ती फार कोणी सांगत नाही. ११ सप्टेंबर १८५७ ला युटातल्या माउंटन मेडोजमध्ये मॉर्मन मिलिशियानं (स्थानिक सशस्त्र दलानं) पांढरं निशाण दाखवून आर्कान्सासकडून आलेल्या प्रवाशांना शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि सुमारे १२० जणांना मारलं. फक्त लहान लेकरं सोडली.

ग्रंथातही दोन्ही सापडतं. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथात एक जमात शस्त्रं जमिनीत पुरते, मरण पत्करते पण उचलत नाही. पुढं त्याच जमातीची दोन हजार तरुण पोरं लढायला निघतात. बंदुकवाले दुसरा प्रसंग सांगतात, नियंत्रणवाले पहिला.

रिटायर_हेडमास्तर
ग्रंथालयवाल्यांच्या उत्तरात एक राहिलं. अमेरिकेच्या बंदुकीला आकार देणारा जॉन ब्राउनिंग हा १८५५ साली युटातल्या ऑग्डेनला जन्मलेला मॉर्मनच. बाप जोनाथनही बंदूक-कारागीर. पोरगा दोन वर्षं धर्मप्रचाराला जॉर्जिया राज्यात होता. त्यानं रचलेलं एम १९११ पिस्तूल युटानं २०११ मध्ये ‘राज्याची बंदूक’ ठरवलं. राज्यफूल असते तसं. आता बोला.

वरची पुढारी मंडळीही एका सुरात बोलत नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या शाळेत गोळीबार झाल्यावर चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन म्हणाले की ज्यांच्या हाती बंदूक जाऊ नये त्यांच्या हाती ती जाऊ देणारे कायदे माणसांनीच केले. एप्रिल २०२१ मध्ये चर्चचेच वरिष्ठ पुढारी डॅलिन ओक्स यांनी अमेरिकेच्या घटनेतली ईश्वरप्रेरित तत्त्वं सांगितली, त्यात धर्म-भाषणस्वातंत्र्यावर भर. बंदूक बाळगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचं वेगळं नाव नाही. त्यामुळं घरमालक जे बोलेल ते चर्चचं मत समजू नका.

वकील_अमरावती_कॅम्प
भाऊ, इतिहास ताईला सांगा, पोराला कायदा सांगा.

युटात ५ मे २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही लपवून बंदूक बाळगता येते. पण ही मोकळीक आपल्या पोराला नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूकच काय, एक गोळी बाळगणंही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ‘ताबा’ म्हणजे मालकीच नव्हे, हातात घेणंही त्यात येतं. म्हणून:

मालकाला स्पष्ट विचारा, तिजोरीचा कोड कोणाला माहीत आहे. पोरानं तो शिकूच नये, “अडीअडचणीला असू दे” म्हटलं तरी. गोळ्यांचे डबे त्याच्या खोलीच्या कपाटात ठेवू देऊ नये. गाडी उसनी घेतली तर डॅशबोर्डचा कप्पा आधी मालकाकडून रिकामा करून घ्यावा. हातात पिस्तूल धरून काढलेला फोटो म्हणजे स्वतःच दिलेला पुरावा. तो गावच्या ग्रुपवर तर टाकूच नये.

कॅम्पसवर कोणाच्या कमरेला बंदूक असू शकते, हेही माहीत असू द्या. २००६ मध्ये युटाच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सरकारी विद्यापीठ राज्याच्या कायद्याविरुद्ध बंदी घालू शकत नाही. गंमत पहा, चर्चच्या स्वतःच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बंदी आहे, कारण ते खाजगी.

जमात म्हणून बंदुकीची खास सूट पाहायची तर युटात कशाला जाता, आपल्या देशात कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवांना आहे. त्यांना परवाना लागत नाही; सध्याची सूट २०२९ पर्यंत. आपल्या शेतकऱ्याला मात्र भरमारचा परवाना भेटला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळीच.

पांढरंसोनं_दारव्हा
लई उपकार, वकीलसाहेब. एकच राहिलं. ते लोक शनिवारी शूटिंग रेंजवर नेतो म्हणून राहिले. नाही म्हटलं तर वाईट वाटन काय?

वकील_अमरावती_कॅम्प
व्हिसाचं कारण सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. जायला हरकत नाही, बंदुकीला हात लावायचा नाही.

चालवायचीच असेल तर कायद्यात एक वाट आहे: कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. युटात ३१ डिसेंबर १९६५ नंतर जन्मलेल्याला त्यासाठी आधी शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. आणि प्रवेश रद्द होऊन व्हिसाचा दर्जा गेला तर ही वाटही बंद. २०१९ चा ‘रेहाइफ’ खटला वाचा. विद्यार्थी नापास झाला, प्रवेश गेला, तिथंच राहिला आणि रेंजवर दोन बंदुका चालवल्या. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आपला दर्जा गेला हे त्याला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं, असं कोर्टानं ठरवलं. त्यामुळं आता विद्यापीठाची ईमेल न उघडता ठेवून भागत नाही, कारण तीच पुरावा होते.

रिटायर_हेडमास्तर
अन् रेंजवरची गोळी आठवण म्हणून खिशात टाकू नये. एक जिवंत काडतूस बॅगेत निघालं तर नागपूरला उतरल्यावर नाही तर परत जाताना स्कॅनरवर दिसते, अन् शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २५ खाली गुन्हा दाखल होते. ‘जाणीवपूर्वक ताबा नव्हता’ म्हणून हायकोर्टातून सुटका होऊ शकते, पण तोवर विमान गेलेलं असते अन् व्हिसाच्या प्रत्येक फॉर्मवर ते प्रकरण लिहावं लागते. रिकामी पुंगळीही ठेवू नये, तिथंच चौकशीत दोन तास जातात. रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला नेऊच नका. जॅकेटचे आतले खिसे अन् सॅकचे बाजूचे कप्पे उलटे करून झटकायला सांगा.