मानसशास्त्राचा पहिला धडा १८७९ पासूनच का?

लातूरची प्राध्यापिका:
विल्हेल्म वुंटने १८७९ ला जर्मनीतल्या लाइपझिगला प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र जन्मलं, असं आपण बी.ए.च्या पोरांना शिकवतो. त्याआधीचं तत्त्वज्ञान दोन ओळींत उरकतो. मला हे पटत नाही. वुंट तिथे १८७५ मध्ये रुजू झाला तोच मुळी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून! मन जन्मतः कोऱ्या कागदासारखं, हे इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने सतराव्या शतकात मांडलं. ती जमीन तयार नसती तर १९१३ मध्ये वॉटसनचा वर्तनवाद, म्हणजे माणूस अनुभवातून घडतो, अभ्यास दिसणाऱ्या वर्तनाचाच करायचा हा विचार, उगवला कुठे असता?

बीडचा समुपदेशक:
ताई, वंशावळ मान्य. पण मनाला गणित लागू होत नाही, म्हणून मानसशास्त्र खरं विज्ञान होणार नाही, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८६ मध्ये लिहिलं. जर्मन शास्त्रज्ञ फेकनरने १८६० मध्ये संवेदना मोजायच्या पद्धती मांडल्या, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.
दुसरं जास्त गंभीर आहे. 'माणसाला घटना नव्हे, घटनेबद्दलची समजूत छळते' हे प्राचीन स्टोइक पंथातल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाचं म्हणणं लोक सर्रास तोंडावर फेकतात. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांना कोंब फुटलेले, वर बँकेची नोटीस. त्या माणसाला हे ऐकवायचं?

लातूरची प्राध्यापिका:
ऐकवायचं नाहीच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिसने १९५० च्या दशकात त्याच विचारावर उपचारपद्धती उभी केली, पण तीत नुकसानीचं दुःख रास्तच धरलंय. 'पीक गेलं' ही घटना. 'पीक गेलं म्हणजे मी कुचकामी, आता घरच्यांना तोंड कसं दाखवू' ही समजूत. काम करायचं ते या दुसऱ्या वाक्यावर. मानसोपचारतज्ज्ञ बेकनेही १९७९ च्या नैराश्यावरच्या पुस्तकात आपल्या उपचारपद्धतीचं मूळ स्टोइकांकडे नेलंय. आणि एपिक्टेटस स्वतः गुलाम होता, हा काही खाऊनपिऊन सुखी माणसाचा उपदेश नाही.

परभणीची विद्यार्थिनी:
मॅडम, मग आपल्या जांबच्या समर्थांनी तर थेट मनालाच उद्देशून श्लोक रचले. ते का नाहीत अभ्यासक्रमात?

बीडचा समुपदेशक:
साम्य वेगळं, प्रभाव वेगळा. एपिक्टेटसचं ऋण एलिस स्वतः मान्य करतो. समर्थांचा असा धागा कुणी दाखवला तर मी पहिला मान्य करीन. बाकी वयस्कर माणसाला बोलतं करायला मनाचे श्लोक मीही वापरतो.

लातूरची प्राध्यापिका:
हा भेद पटला. पण कांटचा आक्षेपच माहीत नसेल तर फेकनरने काय साधलं हे पोरांना कळणार कसं?

बीडचा समुपदेशक:
कांट-फेकनर ही जोडी पहिल्या धड्यात घ्या, माझी हरकत नाही. पण नोटीस हातात घेऊन आलेल्या माणसासमोर एपिक्टेटस काढायचा नाही, यावर मी ठाम आहे. आधी त्या नोटिशीचं बघायचं.