भीड चेपणे: चेपतं ते नक्की काय?

मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आज काय विशेष गं?" म्हटलं काही नाही काकू, ऑफिसला चाललेय. त्यांना काही पटलं नाही, "तरी पण, ऑफिसात काहीतरी कार्यक्रम असेलच ना?" कारण मी आजीची इरकल नेसले होते, नऊवारी, काष्टा घालून, नाकात आजीचीच नथ. पाडव्याच्या शोभायात्रेत किंवा विसर्जन मिरवणुकीत हेच नेसून लक्ष्मी रोडवरून गेले असते तर कोणाला काहीच वाटलं नसतं, पण साध्या मंगळवारी बाणेरच्या बसमध्ये नऊवारी म्हणजे पुण्यात लगेच प्रश्न येतो, आज काय आहे.

संध्याकाळी आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "चेपली म्हणायची तुझी भीड!" आणि फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले की ही शाबासकी होती का टोमणा. म्हणून हा शब्द चर्चेला घेतेय.

आपण हा शब्दप्रयोग दोन्हीकडे वापरतो हे लक्षात आलं. "नवीन आलीय, हळूहळू भीड चेपेल" यात माया आहे. "पोरांची फार भीड चेपलीय हल्ली" यात राग आहे. पेपरात तर चोरट्यांचीसुद्धा भीड चेपते. म्हणजे बुजरी मुलगी वर्गात पहिल्यांदा हात वर करते तेव्हा आणि चोर भरदिवसा कुलूप तोडतो तेव्हा आपण एकच शब्द वापरतो, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरतं.

दुसरं म्हणजे हिंमत, धाडस, धीर हे सगळे शब्द असताना कपड्यांच्या बाबतीत आईच्या तोंडी भीडच का आली? मला वाटतं हिंमत लागते ती काहीतरी वाईट होईल अशी भीती असते तिथे. नऊवारी नेसून बसमध्ये चढल्यावर वाईट काहीच होणार नसतं. फक्त लोक बघणार असतात, आणि तेही ओळखीचे लोक. अनोळखी गावात मी काहीही घालून फिरू शकते, भीड वाटते ती चौथ्या मजल्यावरच्या काकूंची, वाण्याची, मला शाळेत शिकवलेल्या आणि आता रोज सकाळी बागेत दिसणाऱ्या बाईंची. हिंदीत भीड़ म्हणजे गर्दी, आणि आपली भीड मात्र गर्दीत वाटतच नाही, चार ओळखीच्या चेहऱ्यांपुढे वाटते. भिडेखातर जेवायला जातो ते ओळखीच्यांकडेच, भीड घालायची तर ओळखीच्याचीच घालतो.

आणि आता व्याकरणातली गंमत बघा, जिच्यावर मी दोन दिवस अडकले आहे. "मला त्यांची भीड वाटते" म्हणताना भीड *त्यांची* असते. पण "माझी भीड चेपली" म्हणताना ती *माझी* होते! वाटते तोवर दुसऱ्याची आणि चेपली की आपली. असं दुसऱ्या कुठल्या शब्दाचं होतं का?

चेपणे पण नीट बघण्यासारखा आहे. आजीचे पाय चेपायचे, पडलेला डबा चेपतो. चेपलेला डबा नाहीसा होत नाही, तो असतोच, फक्त त्याचा आकार बसतो. भीड मोडली म्हटलं की एका झटक्यात काम झालं असं वाटतं, "भीड मोडून सांगते" म्हणतो तसं. चेपायला मात्र वेळ लागतो, पुन्हा पुन्हा दाब द्यावा लागतो. मी ती साडी आधी घरात नेसले, मग खाली दूध आणायला, मग एका रविवारी तुळशीबागेत आणि मग मंगळवारी ऑफिसला. प्रत्येक वेळी पहिली पाच मिनिटं छातीत धडधडायचं, फक्त पाचाची तीन होत गेली.

प्रतिसाद

अगं, तुझ्या आईने कौतुकच केलं असणार, "म्हणायची" हा शब्द सांगतो. रागवायचं असतं तर "फारच चेपलीय" म्हणाली असती.

मी सदाशिव पेठेत वाढले, आता सत्तरी उलटली. आमची आजी जन्मभर नऊवारीत, तिला कोणी कधी काय विशेष म्हणून विचारलं नाही. भीड चेपायची वेळ माझ्या आईवर आली, ती गोल पातळ नेसायला लागली तेव्हा. आत्ता जे तुम्हाला रोजचं वाटतं ते तेव्हा धीटपणाचं होतं, सकच्छ (काष्टा घालून) का विकच्छ (काष्टा न घालता) यावर जाणती माणसं वाद घालत. आईने पहिल्यांदा गोल नेसून देवळात गेल्याचं मला सांगितलं होतं, वाटेत ओळखीचं घर आलं की पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची म्हणे. तेव्हा काष्टा सोडायला भीड आणि आता काष्टा घालायला भीड.

आनंदीबाई जोशींचा तो फोटो पाहिलाय का, १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाचा? शेजारी जपानची केई ओकामी आणि सिरियाची ताबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीने नवऱ्याशिवाय गेल्या आणि तिकडे सगळ्या झग्यात वावरत असताना ही विशीतली मुलगी साडीत. डॉक्टर झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. तू भीड ओळखीच्यांची म्हणतेस ते खरं, पण तिला दोन्हीकडची होती, परकं गाव बघत होतं आणि इकडचं पुणंही लक्ष ठेवून होतं. मला तो फोटो बघताना दरवेळी भरून येतं.

आता माझा एक जुना आग्रह, तो मांडतेच. साडी नेसतात, घालत नाहीत. धोतर नेसतात, लुगडं नेसतात, परकर घालतात, पोलकं घालतात, शाल पांघरतात. न शिवलेलं वस्त्र अंगाभोवती बसवायचं त्याला नेसणे आणि शिवलेल्यात अंग घालायचं ते घालणे, इतका स्वच्छ फरक हिंदी-इंग्रजीत नाही आणि आपण तो घालवतोय. पण नातीने परवा मला गप्प केलं. तिच्याकडे शिवलेली नऊवारी आहे, काष्ट्यासकट, पँटसारखे पाय घालून कमरेला हुक लावायचा. ती म्हणाली आजी, ही मी घातलीच, नेसले नाही. बरोबर आहे तिचं.

आणि एक शब्द तू घेतला नाहीस, हौस. मूळ अरबी-फारसी हवस, हिंदीत आज तो फार वाईट अर्थाने वापरतात. आपल्याकडे येऊन तो इतका निर्मळ झाला की डोहाळजेवण हौसेने करतात आणि हौसेला मोल नसतं. कोणी विचारलं काय विशेष, तर हौस म्हणावं. पुढचा प्रश्न येत नाही, मी करून बघितलंय.

प्रतिसाद

काकू, हौसेचं पटलं, पण पुरुषांना ते उत्तर तितकं चालत नाही हो. माझ्याकडे आजोबांचा कोट आहे, जाड लोकरीचा, रुंद कॉलरचा, आतलं अस्तर मरून रंगाचं आणि खिशात अजून डांबरगोळ्यांचा वास. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगला तेव्हा कुठे वास गेला, उन्हात टाकू नका, रंग उडतो. डिसेंबरात घालून गेलो तर ऑफिसात पहिला प्रश्न, "नाटकात काम करतोस का?" बायकांना कार्यक्रम विचारतात आणि आम्हाला नाटक. त्या दिवशी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दिवसभर थंडीत बसलो. पुढच्या आठवड्यात परत घातला. आता तोच विचारणारा मला जुन्या बाजारात घेऊन चल म्हणतो, रविवार किंवा बुधवार बघून.

माझा मुद्दा बोल्ड या शब्दाचा आहे. इंग्रजीत एकच शब्द, आपण त्याचे चार वाटे केलेत. अक्षर असेल तर ठळक. रंग असेल तर भडक, आणि त्यात नापसंती आलीच. कुंकू, नथ, काठ असेल तर ठसठशीत, आणि त्यात कौतुक. आणि मराठीत बोल्ड असंच म्हटलं तर अंगावर कपडा कमी, दुसरा अर्थच नाही. ताईंच्या नऊवारीला त्यामुळे कोणी बोल्ड म्हणणार नाही, आठ मीटरच्या वर कापड आहे ते! पण ठसठशीत नक्की म्हणता येईल. मला वाटतं माणसालाच ठसठशीत म्हणायला लागावं, नुसत्या दागिन्याला कशाला.

विंटेजलाही शब्द शोधत होतो. मूळ शब्द द्राक्षाच्या हंगामाचा, अमुक सालची वाइन म्हणून, तिथून तो गाड्या आणि कपड्यांवर आला, साधारण वीस वर्षांच्या वरच्या कपड्याला विंटेज म्हणतात. जुनाट म्हटलं की टाकाऊ वाटतं, जुन्या घाटाचा हे दागिन्याला आणि भांड्याला बरं दिसतं. कोटाला काय म्हणू?

प्रतिसाद

ठेवणीतला म्हणा की. ठेवणीतली साडी, ठेवणीतला आवाज, आपल्याकडे सगळं चांगलं ते ठेवणीतलं असतं.

आणि दिमाखसुद्धा घ्या चर्चेत. तोच अरबी दिमाग, हिंदीत डोक्यात राहिला आणि मराठीत चालण्यात उतरला.

धागा काढलेली मीच पुन्हा

ठेवणीतला आवडला, पण एक अडचण आहे. ठेवणीतलं म्हणजे ठेवायचंच, रोज काढायचं नाही, आणि भीड त्याच्यामुळेच वाढते ना! आजीची ही इरकल चाळीस वर्षं ट्रंकेत होती. इरकलीत अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळे असतात, फासे एकमेकांत अडकवून जोडलेले, त्या जोडावर बोट फिरवलं की बारीक कंगोरा लागतो. लाल पदर जसाच्या तसा आहे, पण घडीच्या रेघेवर दोन ठिकाणी विरलाय. नेसून नेसून विरला असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. ज्यांच्याकडे रेशमी ठेवणीतलं आहे त्यांनी दोन-तीन महिन्यांनी घडी बदला आणि मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

काकू, तुमचा हौस हा शब्द मी वापरला. काल परत चौथ्या मजल्यावरच्या त्याच काकू लिफ्टमध्ये, परत तोच प्रश्न, मी म्हटलं, "हौस!" आणि पुढचा प्रश्न खरंच आला नाही, पण हात आला. "ओचा सैल आहे तुझा" म्हणाल्या, पिशवी खाली ठेवली, निऱ्या मुठीत धरून वर ओढल्या, कमरेशी असा काही खोचला की माझा श्वास अडकला, आणि हे सगळं चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत. दार उघडल्यावर म्हणाल्या, मला येतं गं सगळं नेसता, लग्नातली आहे माझी अजून, पण आता कुठे.

मी एक नवीन चंद्रकळा घेतलीय, काळी, लाल काठाची. घडी मोडायला त्यांनाच देणार आहे आणि वार साधाच बघणार आहे, सणाचा नाही. त्या हो म्हणाल्या नाहीत अजून, नाहीही म्हणाल्या नाहीत, फक्त विचारलं, "काठ किती बोटांचा आहे?"

जाता जाता एक शंका राहिलीच. आमच्याकडे काष्टा म्हणतात, लिफ्टमधल्या काकू पण काष्टाच म्हणतात, पण माझी आजी कासोटा म्हणायची आणि मला कासोटा पुरुषांच्या धोतराचा वाटायचा. तुमच्या घरी नऊवारीला काय म्हणतात, आणि हा फरक खरंच आहे का?