शब्दचर्चा : ‘बोंबिलाचं’ की ‘बोंबलाचं’?

पाककृतींमध्ये ‘बोंबिलाचं’, ‘बोंबीलचं’ आणि ‘बोंबलाचं कालवण’ अशी तिन्ही रूपं दिसतात. बरोबर कोणतं? ‘बोंबलणे’शी या माशाचं काही नातं आहे का? शिवाय ‘दाबलेले बोंबील’ आणि ‘भुजणं’ यांत नेमकी क्रिया काय, तेही हवं आहे.

*

बोंबलाचं. तीन अक्षरी शब्दात पहिलं अक्षर दीर्घ (किंवा अनुस्वाराचं) आणि मधलं अक्षर ई किंवा ऊ असेल, तर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात, तिथे ‘अ’ येतो : उंदीर–उंदराला, खारीक–खारकेचा, लाकूड–लाकडाचा. तसाच बोंबील–बोंबलाचा. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हे लागू नाही, म्हणून शरीर–शरीराला. मूळ रूपात ‘बी’ दीर्घ. शब्द पुल्लिंगी आणि अनेकवचन तेच : एक बोंबील, चार बोंबील.

‘बोंबलणे’ हे ‘बोंब’वरून आलेलं क्रियापद. ‘बोंबला’ आणि ‘बोंबलाचं’ कानाला सारखे वाटतात ते सामान्यरूपामुळे. मूळ रूप समोर ठेवलं की जवळीक बरीच कमी होते. एवढ्यावरून व्युत्पत्ती जोडू नये.

*

नाव जुनं आहे, याचा लेखी पुरावा आहे. इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर याने १६७३च्या नोंदीत माझगावला मोठं कोळीगाव म्हटलंय आणि तिथल्या ‘बंबेलो’ माशावर गरीब लोक जगतात असं लिहिलंय. तो बंबेलो म्हणजे आपला बोंबील. गुजरातीत तो बुमला. बंगालीत मात्र अगदी वेगळं नाव, लोटे.

‘बॉम्बे डक’ या बोंबलाच्या इंग्रजी नावाबद्दल एक गोष्ट फार फिरते : सुके बोंबील रेल्वेच्या टपालडब्यातून जायचे, म्हणून ‘बॉम्बे डाक’, आणि त्याचं झालं ‘डक’. ती कृपया पुढे पाठवू नका. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली आणि ‘बॉम्बे डक’ १८१५च्या इंग्रजी पुस्तकात छापलेलं सापडतं.

*

‘दाबणे’ इथे अगदी शब्दशः घ्यायचं. ओल्या बोंबलाच्या वजनात पाचांतले चार भागांहून जास्त पाणीच असतं. ते न काढता तव्यावर टाकला तर तो तळला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि वरचा रवा सुटून येतो.

डोकं, शेपूट, पर काढा, पोट साफ करा. पोटाकडून उभी चीर देऊन पुस्तकासारखा उघडा. मधला काटा मऊ असतो. काढला तरी चालतो, ठेवला तरी. सुती फडक्याच्या दोन घड्यांमध्ये एकेरी थर लावा, वर पाट आणि पाटावर वरवंटा. तास-दीड तास पुरे. खालचं ताट थोडं कलतं ठेवा, नाहीतर निघालेलं पाणी फडकं पुन्हा शोषतं. मग हळद, तिखट, आलं-लसूण, लिंबू. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे. मध्यम ते मोठी आच, प्रत्येक बाजूला ३–४ मिनिटं. कड तांबूस होऊन आपण सुटेपर्यंत उलटू नका, मोडतो.

*

वरच्या कृतीत एक भर : बोंबील पिठात घोळवण्याच्या अगदी आधी त्याला मीठ लावा. मीठ लावून अर्धा तास ठेवला की तो पुन्हा पाणी सोडतो आणि दाबण्याची मेहनत वाया जाते. तव्यावर गर्दीही नको. वाफ कोंडली की परिणाम तोच.

*

भुजण्यात हेच पाणी कामाला येतं. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजाच्या घरांत हा शब्द नेहमीचा. मध्यम ८ बोंबलांना २ कांदे, १०–१२ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, ३–४ हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, अर्धा चमचा हळद, २ मोठे चमचे तेल, ४–५ आमसुलं आणि मीठ. मासळी सोडून बाकी सगळं पातेल्यात हाताने चुरा, त्यावर बोंबलाचे तुकडे ठेवा. वरून पाणी घालायचं नाही. झाकण ठेवून मंद आचेवर ८–१० मिनिटं. डाव घालू नका; फडक्याने पातेल्याच्या कडा धरून हिसका द्या. डाव फिरला की तुकड्यांचा लगदा झालाच.

*

सुक्या बोंबलाचं वेगळं लिहितो, कारण नाव एक असलं तरी स्वयंपाकघरात ती दुसरीच वस्तू आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूंच्या मध्ये ताणलेल्या दोरीवर टाकतात. मीठ लावत नाहीत, निव्वळ ऊन आणि वारा. म्हणून ‘खारा बोंबील’ म्हणणं चूक. खारा तो मिठात मुरवलेला बांगडा वगैरे. कालवणात मीठ नेहमीइतकंच लागतं, कमी केलं तर कालवण अळणी होतं.

कालवणासाठी आधी कोरड्या तव्यावर भाजून मग कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवा; वास बराच उतरतो. चटणीसाठी भिजवायचा नाही. कुरकुरीत भाजून लसूण, सुकी मिरची, सुक्या खोबऱ्याबरोबर कुटा.

आणि वापराबद्दल : लुकड्या माणसाला ‘बोंबील’ म्हणतात तेव्हा सुकाच अभिप्रेत असतो. ओल्याची उपमा द्यायची तर ती लिबलिबीतपणाची होईल.