टगचं डिझेल नेमकं जळतं कुठे?

उरणकर: न्हावा-शेव्याला कंटेनरचं जहाज धक्क्याला लावताना टग, म्हणजे जहाज ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या छोट्या ताकदवान बोटी, जीव तोडून ढकलताना दिसतात. सगळं डिझेल त्यातच जातं का?

इंजिनरूमवाला: नाही दादा. पूर्ण ताकद लागते ती थोडी मिनिटं. बाकी वेळ जाणं-येणं आणि जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची वाट बघणं. इंजिन मात्र चालूच, कारण वॉकीवर हाक आली की तिथल्या तिथे जोर द्यावा लागतो. एवढं मोठं इंजिन तासन् तास कमी लोडवर ठेवलं की काजळी धरतं, मग जोर देताच फनेलमधून, म्हणजे धुराड्यातून, काळा भपका. आणि जळलेल्या डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड! माझं ऐकाल तर आधी रिकामं धावणं हळू करा. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्शावर येते. हे आजही जमेल, पैसा लागत नाही.

मोरा बंदर: आणि धक्क्याला बांधल्यावर जनरेटर बंद, किनाऱ्याची वीज घ्या.

उरणकर: बॅटरीचा टग जमेल?

इंजिनरूमवाला: न्यूझीलंडच्या ऑकलंडला २०२२ पासून बॅटरीचा ‘स्पार्की’ आहे, ७० टन ओढीचा. २०२४च्या केंद्राच्या हरित टग योजनेत आपलं जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर प्राधिकरणसुद्धा आहे. एका जहाजाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत चार्जिंगला वेळ मिळायला हवा, खरी मेख तिथेच.